मेंढागिरीच्या वाटेवर

नाशिकजवळ म्हसरूळला गजपंथाचा डोंगर आहे. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून आजींनी त्याच्या पायऱ्या दरवर्षी चढल्या. आता त्यांचे वय शहात्तर. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून बहुधा पायथ्याच्या मंदिरातच बसून त्या निर्वाणकांड म्हणतात. त्या पाठात सात बलभद्रांच्या निर्वाणाने पावन झालेल्या गजपंथाला वंदन आहे. त्यातच अचलपूरच्या ईशान्येकडील मेंढागिरीलाही वंदन आहे, जिथून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले. मेंढागिरी म्हणजे आजची मुक्तागिरी. पहिल्या डोंगराची पायरी न पायरी आजींना ठाऊक होती. दुसरा डोंगर पन्नास वर्षे केवळ ओठांवर होता.

तो ओठांवरच राहिला, याचे कारण आजोबांची नोकरी. ते बांधकाम खात्यात अभियंता होते आणि त्यांची उमेदीची वर्षे घाटरस्त्यांवर गेली. पावसाळ्यात दरडी कोसळत. पावसाळा संपला की दुरुस्त्या निघत. चातुर्मास आटोपून कार्तिकी पौर्णिमा झाली की मुनिसंघांचे विहार सुरू होतात, घरोघरी यात्रेची बोलणी निघतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आजोबांच्या रस्त्यावर डांबराच्या भट्ट्या पेटत. फाल्गुनात मुलांच्या परीक्षा, पुढे ऊन, आणि मग पुन्हा मृगाची चाहूल. "पुढच्या हिवाळ्यात मुक्तागिरी नक्की," हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले की मुलांनी त्याची चेष्टा करण्याचेही सोडून दिले. निवृत्तीनंतर दोनच हिवाळे मिळाले. त्यांतला एक घर बांधण्यात गेला आणि दुसरा रुग्णालयात.

आजोबांना जाऊन चार वर्षे झाल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, आजी, त्यांची सून आणि अकरावीत शिकणारा नातू असे तिघे नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीने निघाले. नातवाने बरोबर येण्यासाठी एक अट घातली होती. मुक्तागिरीला जायचे तर शेजारच्या मेळघाटातही दोन दिवस राहायचे. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर शाळेच्या सहलीत एकदा दुर्बीण हाती आली, तेव्हापासून त्याला पक्ष्यांचे वेड लागले होते. त्याला वाघाची फारशी ओढ नव्हती. त्याला पाहायचा होता रानपिंगळा. दिवसाढवळ्या वावरणारे हे लहानसे घुबड 1884 नंतर कुणा अभ्यासकाला सापडले नव्हते, आणि ते नामशेष झाले असेच मानले जाई. 1997 च्या नोव्हेंबरात ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसले. एकशे तेरा वर्षे हा पक्षी झाडावर बसून होता आणि पाहणारा कुणी नव्हता, याचे त्या मुलाला मोठे नवल वाटे. आता सातपुड्यातील ज्या मोजक्या जंगलांत रानपिंगळा आहे, त्यांत मेळघाट महत्त्वाचे.

आजींनी अट मान्य केली. "एकशे तेरा वर्षे तो थांबला, मला पन्नासच झाली," असे त्या म्हणाल्याचे सून अजून सांगते.

सकाळी बडनेऱ्याला उतरून अमरावतीत नात्यातल्या एका घरी स्नान, जिनदर्शन आणि जेवण झाले. मुक्तागिरी परतीच्या दिवसासाठी ठेवली होती. पहाटेचा अभिषेक चुकू नये आणि डोंगर घाईने चढावा लागू नये म्हणून. दुपारी भाड्याची गाडी परतवाड्याहून घटांगच्या दिशेने निघाली. मुक्काम सेमाडोहला होता. वाटेत सपाट वऱ्हाडी शेतातला वेचणीला आलेला कापूस मागे पडला आणि सागाची झाडे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकू लागली.

मेळघाट या नावातच घाटांचा मेळ आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत एकात एक गुंतलेल्या दऱ्या, आणि त्यांतून खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या पाच नद्या तापीकडे धावतात. आजींना हे ऐकून बरे वाटले, कारण त्यांचे माहेर कळवण तालुक्यातले आणि कळवणची गिरणाही जळगाव जिल्ह्यात तापीलाच मिळते. देशात 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. त्याच्या गाभ्यातले सुमारे 361 चौरस किलोमीटर म्हणजे गुगामल राष्ट्रीय उद्यान. साग, ऐन, तिवस, मोह आणि बांबू यांच्या या रानात वाघाखेरीज रानगवा, अस्वल, सांबर, रानकुत्री आहेत. आणि या सर्वांच्या बरोबरीने, त्यांच्याही आधीपासून म्हणावे असे, कोरकू लोक आहेत. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही. ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली आहे आणि त्या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक आहे.

घटांग मागे पडल्यावर एका वळणाशी गाडी थांबली. पुढे एक एसटी, दोन जीप, दुधाच्या कॅनांची मोटारसायकल आणि पाच-सहा पर्यटकांच्या गाड्या उभ्या होत्या. रस्त्याची दरीकडची बाजू गेल्या पावसाळ्यात खचली होती. तिथे मोरी नव्याने बांधण्याचे आणि खालून दगडी भिंत चढवण्याचे काम चालू होते. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर पोकलेन आडवे उभे राहून मोठे दगड दरीच्या काठावर उतरवत होते. लाल निशाण धरलेल्या मुलाने सांगितले, "दीड तास तरी लागंल."

पर्यटकांच्या गाड्यांतून अपेक्षित तेच उद्गार निघाले. सुट्टी वाया गेली, आधी कळवायला नको का, हेच दिवस मिळाले का यांना. नातूही त्यांत सामील झाला. संध्याकाळच्या उन्हात सेमाडोहच्या रानाकडे निघण्याचा त्याचा बेत होता आणि रानपिंगळ्याला ऊन आवडते. आजी मात्र गाडीतून उतरल्या, काठी टेकत त्या खचलेल्या कडेपर्यंत गेल्या आणि बराच वेळ खाली पाहत राहिल्या.

अशा ठिकाणी प्रवासी पाहतो तो अडथळा. आजी पाहत होत्या ते काम. आजोबा घरी आले की रस्त्याविषयी बोलत आणि पन्नास वर्षे ऐकून त्यांनाही त्यातले बरेच उमगले होते. घाटातला रस्ता गाड्यांच्या वजनाने जितका मरतो त्याहून अधिक पाण्याने मरतो. डोंगराच्या बाजूचे गटार पालापाचोळ्याने तुंबले की पावसाचे पाणी रस्त्यावरून वाहू लागते. डांबराच्या भेगांतून ते खालच्या मुरुमात उतरते, भराव फुगतो आणि एका रात्री दरीकडची कड घेऊन निघून जातो. म्हणून चांगली दुरुस्ती वरून दिसत नाही. वरचा काळा थर दोन दिवसांत होतो. मोरी, गटार, भिंतीतून पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली छिद्रे यांना आठवडे लागतात, आणि उद्घाटनाच्या दिवशी त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. अमरावती ते अकोला या महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. सपाट मुलखात, तयार पायावर ते शक्य झाले आणि त्याचे कौतुक योग्यच होते. घाटातल्या एका मोरीचा विक्रम मात्र कुठेच नोंदला जात नाही. ती पुढचे वीस पावसाळे टिकली, तर तोच तिचा विक्रम.

"छिद्रं ठेवलीत," आजी परत येऊन सुनेला म्हणाल्या. "काम बरं करताहेत."

मोरीजवळ ओल्या सिमेंटवर गोणपाट अंथरले होते आणि एक कोरकू बाई डब्याने त्यावर पाणी मारत होती. तिने आजींना बसायला एक सपाट दगड दाखवला. बोलणे सुरू झाले. निम्मे वऱ्हाडी, निम्मे हिंदी.

"कुठून आल्या, माय?"

"नाशिकहून. उद्यापरवा मुक्तागिरीला जायचंय."

"लई दुरून आल्या." थोडे थांबून तिने आपणहून सांगितले, की तिचे गाव इथून आत आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. गावातल्या जीपमध्ये घालून निघाले आणि याच जागी रस्त्यावर दगड-माती आलेली होती. पलीकडून रुग्णवाहिका येऊन उभी राहिली, अलीकडे जीप, आणि मध्ये वीस-पंचवीस पावलांचा चिखल. पुरुषांनी सुनेला खाटेवर घालून पलीकडे नेले. सून वाचली. बाळ रुग्णालयात पोहोचण्याआधीच गेले.

ती हे सांगताना थांबली नाही. डबा भरत होती, पाणी मारत होती. आजींनी तिला काही विचारले नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्र नव्वदीच्या दशकापासून वाचत आला आहे. कुपोषण, अंतर, डॉक्टरांची वानवा अशी कारणे अहवालांत ओळीने येतात. त्या ओळीतले 'अंतर' हे कारण कधीकधी वीस-पंचवीस पावलांचे असते.

नातू जवळच उभा राहून ऐकत होता. तो निशाणवाल्या मुलाकडे गेला आणि विचारू लागला की, मग हा रस्ता एकदाच चांगला रुंद का करीत नाहीत? नाशिक-मुंबईसारखा चौपदरी?

निशाणवाला त्याच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा असेल. धारणीच्या महाविद्यालयात दोन वर्षे शिकून त्याने शिक्षण सोडले होते. तो हसला. "रुंद केला तर गाड्या उडत जातील," तो म्हणाला. उन्हाळ्यात इथे पुढच्या नाल्याशी रात्री एक सांबर मादी मरून पडली होती. पोटात पिलू होते. धडक देणारी गाडी थांबलीसुद्धा नव्हती. जंगलखात्याची माणसे सकाळी आली. "आमचं रान आहे ना," एवढेच तो पुढे म्हणाला.

एकाच वळणावर, दहा पावलांच्या आत, रस्त्याची दोन मागणी ऐकू आली होती. एकीला तो लवकर आणि पक्का हवा होता, दुसऱ्याला तो अरुंद आणि सावकाश हवा होता. दोघे एकाच रानातले, कदाचित एकाच गावचे. अनेकान्त ग्रंथात वाचणे सोपे असते, कारण तिथे हत्ती असतो आणि त्याला चाचपणारे आंधळे असतात. इथे मेलेले एक बाळ होते आणि मेलेली एक सांबर मादी होती, आणि दोन्ही बाजू डोळसांच्या होत्या.

याची उत्तरे शोधणारी माणसे आहेत, हे नातवाला ठाऊक होते. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना वन्यजीवांसाठी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ताच उंच उचलून खालून नऊ वाटा ठेवल्या आहेत. त्यांतली सर्वांत लांब 750 मीटरची आहे. त्या वाटांतून वाघ, रानकुत्री, चितळ, गवे जातानाची छायाचित्रे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. नातवाने ती मोबाइलवर निशाणवाल्याला दाखवली. त्याने ती नीट पाहिली आणि म्हणाला, "तिकडं पैसा असंल." खरेच होते. महामार्गासाठी जो खर्च मंजूर होतो तो चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या गावांकडे जाणाऱ्या घाटासाठी होत नाही. शिवाय व्याघ्र प्रकल्पात असलेल्या रस्त्याची दुरुस्ती करणे वेगळे आणि त्याची रुंदी वाढवणे वेगळे. रुंदीकरणासाठी वन आणि वन्यजीव विभागांच्या दिल्लीपर्यंतच्या परवानग्या लागतात. त्या लागतात हे बरेच आहे. अकोला-खंडवा हा जुना मीटरगेज लोहमार्ग याच मेळघाटातून, धुळघाटजवळ स्वतःभोवतीच वळसा घालून जात असे. तो ब्रॉडगेज करण्याची वेळ आली तेव्हा बराच वाद होऊन नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून नेण्याचे ठरले. वळसा लांबला, पण रानातून रात्रंदिवस धडधडणाऱ्या गाड्या टळल्या.

या थांबण्याची आठवण सुनेने पुढे फोनवर आपल्या नणंदेला, म्हणजे आजींच्या अमेरिकेतल्या मुलीला, सांगितली तेव्हा तिलाही तिचा एक घाट आठवला. मॉन्टाना राज्यात ग्लेशियर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातून जाणारा डोंगरी रस्ता 1933 मध्ये खुला झाला. त्याचे नावच 'सूर्याकडे जाणारा रस्ता' अशा अर्थाचे आहे. तो जेमतेम उन्हाळ्यापुरता पूर्ण उघडा असतो, बाकीचे महिने बर्फाखाली. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याची वर्षानुवर्षे दुरुस्ती चालली आणि ती वाहतूक सुरू ठेवून, गाड्या थोड्या थोड्या वेळाने थांबवून करण्यात आली. तीही तिथे अशीच थांबली होती. मात्र तिने एक गोष्ट सांगितली ती नातवाने लक्षात ठेवली. त्या रस्त्याच्या डोंगरकड्याच्या भागात एकवीस फुटांहून लांब गाडी नेताच येत नाही. गाड्या मोठ्या झाल्या म्हणून त्यांनी कडा फोडला नाही. रस्त्याला साजेल तेवढीच गाडी आणा, असा नियम केला. अर्थात तिथे त्या रस्त्यावर कुणाची सून खाटेवर नसते. ही तुलना त्या मर्यादेतच घ्यावी.

ऊन कलू लागले तशी सून अस्वस्थ झाली. आजींना रात्रिभोजनाचा त्याग आहे, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. नोव्हेंबरात तिकडे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि साडेचार वाजून गेले होते. सेमाडोहला पोहोचून स्वयंपाक करणे आता अशक्य होते. घरून आणलेल्या दशम्या, तिळाची चटणी आणि कोरडी भाजी डब्यात होती. गाळलेल्या पाण्याची कळशी मात्र गाडीत हिंदकळून निम्मी झाली होती.

आजींनी तिथेच दगडावर डबा उघडला. नातवाला, चालकाला, निशाणवाल्याला आणि त्या कोरकू बाईला दशमी दिली. बाईने हात धुऊन पदरात घेतली, अर्धी खाल्ली आणि अर्धी घरी नेण्यासाठी बांधून ठेवली. आजींनी हे पाहिले आणि डब्यातल्या उरलेल्या दोन दशम्या कागदात गुंडाळून तिच्या हाती ठेवल्या. पाणी त्यांनी स्वतः दोन घोट घेतले आणि बाकी नातवाकडे सरकवले. सूर्य समोरच्या रांगेवर टेकला, तेव्हा त्यांनी हात जोडून चारी आहारांचा त्याग केला. पुढच्या गाडीतल्या एका बाईंनी विचारले, "उपवास आहे का आजी?" त्या म्हणाल्या, "नाही हो, आमचं रोजचंच."

थोड्या वेळाने पोकलेन बाजूला झाले आणि हिरवे निशाण वर गेले. एसटी आधी, मग जीप, मग पर्यटक. अर्ध्या रस्त्यावरून गाडी नेताना चालक आरशात न पाहता समोरच्या चार हात जमिनीकडे पाहत होता. ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे, जीव पायाखाली येऊ नये म्हणून चार हात भूमी पाहून चालावे. खचलेल्या घाटात ती मोटारचालकालाही पाळावी लागते. एरवी तो मोबाइलवर बोलत गाडी हाकत होता, हेही सांगितले पाहिजे.

सप्टेंबर 2024 मध्ये याच मार्गावर सेमाडोहजवळ एक खासगी बस पुलावरून खाली कोसळली आणि काही प्रवाशांचे प्राण गेले. चालकाने तो पूल दाखवला. अंधारात फक्त कठडा दिसला.

सेमाडोहच्या दोन दिवसांविषयी फार सांगण्यासारखे नाही. पहाटे उघड्या जिप्सीत थंडी हाडांपर्यंत जात होती. सिपनेच्या काठच्या वाळूत वाघाची पावले होती, वाघ नव्हता. गव्यांचा एक कळप बांबूतून बाहेर आला, गाडीकडे पाहत उभा राहिला आणि पुन्हा आत गेला. आजी त्या एका फेरीलाच गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, की त्यांच्या घरात आपण डोकावून आलो, आता पुरे. वाघ दिसला का, हा प्रश्न मेळघाटाहून परतणाऱ्या प्रत्येकाला विचारला जातो. जणू तिकीट त्याचेच काढलेले असते. रानपिंगळाही दिसला नाही. वाटाड्याने सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसलेला एक पक्षी दाखवला, नातवाने दुर्बीण लावली. कपाळावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट होते. तो साधा पिंगळा निघाला, नाशिकच्या वाड्यांतही दिसतो तो. मुलाने तरी वहीत त्याची नोंद केली.

परतताना ते वळण पुन्हा आले. या वेळी थांबावे लागले नाही. गोणपाट अजून ओले होते. दुसरीच एक बाई पाणी मारत होती.

मुक्तागिरी परतवाड्यापासून जवळच आहे. तिथे पोहोचताना सीमा ओलांडून मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात जावे लागते. डोंगराच्या खोबणीत बावन्न मंदिरे, मधोमध कड्यावरून कोसळणारा प्रपात, आणि पलीकडे मेळघाटाचेच रान. पावसाळा संपून महिना-दीड महिनाच झाला होता, त्यामुळे धार बारीक असली तरी आवाज दरीभर होता. अष्टमी-चतुर्दशीला इथे केशराचा वर्षाव होतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पायथ्याशी चामड्याच्या वस्तू काढून ठेवाव्या लागतात. नातवाच्या दुर्बिणीची चामडी पिशवी तिथेच राहिली; दुर्बीण गळ्यात आली.

पायऱ्या चढताना आजींनी त्याला या डोंगराची एक हकिगत सांगितली. ती त्यांना आजोबांकडून कळली होती. इंग्रजी अमदानीत हा डोंगर खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. लोक इथे शिकारीला येत, पादत्राणे घालून मंदिरांत वावरत. ते थांबावे म्हणून नत्थुसा पासुसा कळमकर यांनी इतर श्रावकांच्या साहाय्याने 1928 मध्ये हा डोंगरच विकत घेतला. व्याघ्र प्रकल्पाच्या पंचेचाळीस वर्षे आधी, वन्यजीवांचा कायदा होण्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी. त्यांनी अभयारण्य हा शब्द वापरला नव्हता. या डोंगरावर बंदूक वाजू नये, एवढेच त्यांना पाहिजे होते.

"म्हणजे तेव्हापासून इथे शिकार नाही?" नातवाने विचारले.

"डोंगर आपला झाल्यावर कोण मारणार?"

नातू काही पायऱ्या गप्प चढला. मग म्हणाला, की मेळघाट मात्र कुणालाच विकत घेता येणार नाही. त्यात गावे आहेत. त्या बाईचे घर आहे. आजी दम खाण्यासाठी कठड्याला टेकल्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "तिथे सगळ्यांना धरूनच काहीतरी करावं लागेल. तुझे आजोबा असते तर त्यांनी आधी गटार साफ करा म्हटलं असतं."

प्रपाताजवळच्या मेंढागिरीच्या गुंफेशी पोहोचायला त्यांना दोन तास लागले. इतर यात्रेकरू पुढे निघून गेले. आजींनी आत वंदन केले, निर्वाणकांड म्हटले. अचलपूरच्या ईशान्येचा उल्लेख आला तेव्हा आवाज किंचित थांबला आणि पुढे चालू झाला. सून मागे उभी राहून डोळे पुसत होती. आजी रडल्या नाहीत. पाठ पूर्ण झाल्यावर त्यांनी पिशवीतून आजोबांची जुनी पंचवीस फुटी मोजपट्टी काढली, क्षणभर हातात धरली आणि परत ठेवली. ती त्यांनी बरोबर आणली आहे, हे तोवर कुणालाच माहीत नव्हते.

बाहेर पाण्याच्या तुषारांत बसून त्यांनी नातवाला त्या नावाची कथा सांगितली. फार वर्षांपूर्वी इथे एक मुनी ध्यानस्थ बसले होते. वरच्या कड्यावरून एक मेंढा त्यांच्यासमोर येऊन पडला. मुनींचे ध्यान सुटले. मेंढा वाचणार नव्हता. त्यांनी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला, आणि तो ऐकत मेंढ्याने देह सोडला व तो देवगतीला गेला. म्हणून ही मेंढागिरी.

मुलगा मान वर करून कड्याकडे पाहू लागला. पाण्याच्या धारेशेजारी, बऱ्याच उंचीवर, मातीचा एक ताजा, तांबूस पट्टा दिसत होता; यंदाच्या पावसात तिथला थोडा भाग निसटला असावा.

"पण तो मेंढा पडला कसा?"

"कड खचली असेल," आजी म्हणाल्या. "पावसाळ्यानंतर डोंगर असाच असतो." आणि उतरण्यासाठी त्यांनी काठी आणि नातवाचा खांदा, दोन्ही हातांत घेतले.